कागद पोचले का?

माकणी, ता. लोहारा
३ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमास, मामाचा जय भीम आणि ओंजळभर आशीर्वाद.

आधी तब्येती. कस्तुराचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, भावानं सांगितलंय, जमिनीवर बसून भांडी घासू नकोस, पाट घे. जावई प्रेमानंदरावांचं पित्त? चहा खरंच कमी केला, का नुसतं म्हणतात? तुझी मान? दिवसभर पडद्यापुढं बसून ती आखडते, तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं. आणि मागच्या अंगणातली ती करड्या रंगाची मांजर, व्याली का?

आमचं सांगतो. तुझ्या मामीचा खोकला गेला, आवाज होता तेवढाच राहिला. मला ऐकू येत नाही म्हणून ती ओरडते आणि आमच्या घरातलं सगळं गल्लीला कळतं. माझे कान आता नावालाच. जन्म गेला टेलिफोनच्या खांबावर, लोकांची बोलणी जोडण्यात, आणि आता मलाच फोन चालत नाही. गंमतच आहे की नाही? म्हणून ही पत्रं. दवाखान्याच्या केंद्रात कॉम्प्युटरपुढं बसायला कुणी नव्हतं, तेव्हा एका बोटानं शिकलो ते कामाला आलं.

आता मूळ गोष्ट. माझी नात, आपल्या राजपालची चैताली, पाच वर्षांची झाली. चार पावलं चालली की उकिडवी बसते. आम्हाला वाटायचं, लाडावलीय, कडेवर घ्या म्हणतीय. मग ओठ जांभळे पडायला लागले. लोहाऱ्याच्या डॉक्टरनं बराच वेळ छातीला नळी लावली आणि मला बाहेर बोलावून वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं : काळजाला जन्मापासून छिद्र आहे, ऑपरेशन लवकर करा. राजपाल ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी येतो. सून रडून रडून थकली.

तुमच्या संस्थेचं शिबिर आहे ना, बाहेरचे मोठे डॉक्टर येणार, निवडलेल्या लेकरांचं ऑपरेशन सोलापूरला करणार. पंधरा तारखेच्या आत कागद आणि तपासणीची चित्रं केंद्रातून मेलनं पाठवायची आहेत. द्वारकाबाई नर्स कागद जमवतायत, पाठवणार मीच. तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझा,
पिराजीमामा

•

धाराशिव
५ फेब्रुवारी

ती. मामा आणि मामी, दोघांना सविनय जय भीम.

आईच्या गुडघ्यांना तेल चालू आहे, पाट आणलाय, ती त्यावर बसत नाही. प्रेमानंदांचा चहा तेवढाच. मांजर व्याली, तीन पिल्लं. मान दुखते, कबूल.

चैतालीचं दोनदा वाचलं. दिवाळीत ती माझ्या मांडीवरून उतरतच नव्हती, मला वाटलं आत्यावर जीव आहे.

पण मामा, एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तुम्ही माझे मामा आहात हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. परवा आमचे रणधीर साहेब चारचौघांत म्हणाले, "काय मॅडम, माकणीच्या पोरांचा नंबर पहिला लागणार म्हणायचा!" सगळे हसले. मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते कानात राहिलं. निवड डॉक्टर करतात. यादीबद्दल मी कुणाला विचारणार नाही आणि तुम्हाला काही सांगणारही नाही. माझं काम मेलचा सर्व्हर चालता ठेवण्याचं, तेवढंच.

तेच काम सध्या डोक्यावर बसलंय. तपासणीची चित्रं वजनानं जड असतात आणि शिबिरामुळं सगळीकडून एकदम येतील. म्हणून सर्व्हरला नवीन नेटवर्क कार्ड घेतलंय. येणाऱ्या मेलची उतरवणी आतापर्यंत एकच हमाल करत होता असं समजा, आता चार जण वाटून घेतील. शिवाय माल लहान लहान गठ्ठ्यांऐवजी मोठ्या गठ्ठ्यांनी घेता येईल. शनिवारी दुपारी या सोयी चालू करणार आहे. साहेबांनी सगळं माझ्यावर सोपवलंय. पहिल्यांदाच.

आणि हो, हल्ली फसवणुकीचे मेल फार येतात. इंग्रजीत काही अनोळखी आलं तर उघडू नका, पुसून टाका.

तुमची,
पौर्णिमा

•

माकणी
१२ फेब्रुवारी

चि. पौर्णिमास अनेक आशीर्वाद.

कस्तुरा पाटावर बसत नसेल तर पाट उचलून ठेव आणि खुर्ची आण, तिला खुर्चीवर बसायची हौस लहानपणापासून आहे. प्रेमानंदरावांना सांग, सकाळचा एक चहा माझ्या नावानं सोडा. मानेला रात्री उशी घेऊ नकोस. पिल्लांचे डोळे उघडले का?

कागद आज पाठवले. द्वारकाबाईंनी एकेक कागद पुढं केला, मी यंत्रात चढवला, मग तपासणीची चित्रं चढवली. शेवटचं बटण दाबायच्या आधी द्वारकाबाई म्हणाल्या, "थांबा काका, नाव बघा एकदा." नाव बघितलं. चैताली राजपाल. मग दाबलं.

तू यादीबद्दल लिहिलंस ते मला पटलं. माझा राग नाही. उलट बरं वाटलं, आपली पोरगी सरळ आहे. आम्हाला आतून काही नको. दारात उभं राहू, बोलावलं तर आत येऊ. फक्त कागद पोचल्याची पावती प्रत्येकाला येणार असं पत्रकात लिहिलंय, ती आली की निवांत होईन.

चैताली आज अंगणातल्या अंगणात पडली. उचलली तर ओठ जांभळे, नखंसुद्धा. मामीनं गुडघे पोटाशी धरून छातीशी घेतलं, तेव्हा रंग आला. मग मलाच विचारते, "आज्जा, तू का घाबरलास?" मला ऐकू आलं नाही, तोंडाकडं बघून कळलं.

मामीचा आशीर्वाद. आईला जय भीम.

पिराजीमामा

•

माकणी
१४ फेब्रुवारी

पौर्णिमा, कागद पोचले का? पावती नाही.
मामा

•

धाराशिव
१४ फेब्रुवारी

ती. मामा,

इतक्या दिवसांनी तुमचं पत्र आलं आणि तेही एका ओळीचं. आईला वाचून दाखवायला घेतलं तर वाचायला काही नव्हतंच. माझं ते यादीबद्दलचं लिहिणं तुम्हाला लागलं असणार.

मामा, मी पुन्हा तेच लिहिते. कुणाचे कागद आले, कुणाचे नाही, हे बघायचं म्हटलं तरी मला निवडीच्या खोलीत जावं लागतं, आणि मी आज तिथं गेले की उद्या चैतालीचं नाव लागलं तरी लोक म्हणतील, भाचीनं लावलं. तिच्या अंगावर हा डाग नको. पावत्या दीपमाला पाठवते, तिच्याकडं काम साठलंय, येईल. सगळं सुरळीत आहे.

खरंच सुरळीत आहे. शनिवारी सगळ्या सोयी चालू केल्या. बाहेरून, माझ्या घरच्या मेलवरून मोठमोठी चित्रं पाठवून बघितली, डोळ्याची पापणी लवायच्या आत आली. तेव्हापासून सर्व्हरवरचा भार इतका उतरलाय की साहेबांनी मीटिंगमध्ये त्याचा आलेख दाखवला. माझं नाव घेतलं.

तुम्हीही दोन शब्द बरे लिहिले असते तर छान वाटलं असतं.

पौर्णिमा

•

माकणी
१५ फेब्रुवारी

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असाव्यात. कस्तुरानं गुडघ्यांना शेक द्यावा. पिल्लांना आंघोळ घालू नका, थंडी आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू म्हणतेस, एका ओळीचं लिहिलं. बाळ, बुधवारी मी तुला बोट दुखेपर्यंत लिहिलं होतं. त्यात सगळं होतं, अगदी तू सरळ आहेस म्हणून किती बरं वाटलं तेसुद्धा. ते तू वाचलंच नाहीस, का वाचून विसरलीस? कामाच्या माणसाला म्हाताऱ्याची लांबण वाचायला वेळ नसतो, हे मी समजू शकतो. पण मग मला दोन बरे शब्द मागू नकोस, ते तिथंच पडलेत.

आणि मी यादी विचारली नव्हती. कागद पोचले का, एवढंच विचारलं. खांबावर चढून तार जोडली की आम्ही खाली उतरायच्या आधी पलीकडच्याला विचारायचो, आवाज येतोय का? ती शिफारस नसते पोरी.

केंद्रातल्या यंत्रावर दोन-तीन दिवस रोज इंग्रजीतलं काहीतरी येतंय, लॉटरीवाल्यांचं असणार. तू सांगितलंस तसं न उघडता पुसून टाकतो.

आज पंधरा तारीख. पावती आली नाही. सून सकाळपासून माझ्या तोंडाकडं बघतीय, आणि मी यंत्राच्या तोंडाकडं. द्वारकाबाई म्हणतात, पोचलं असेल, पाठवल्यात दाखवतंय ना. दाखवतंय खरं.

पिराजीमामा

•

माकणी
१६ फेब्रुवारी

उत्तर नाही. समजलो. पुन्हा विचारणार नाही.
मामा

•

धाराशिव
१७ फेब्रुवारी, सकाळ

ती. मामा,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाचा. कुठं जाऊ नका. यंत्र बंद करू नका.

तुमच्या दोन ओळी मी सकाळी आईला दाखवल्या. मला वाटलं, आई म्हणेल, भावाला का दुखवलंस. ती चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये दादाचं पत्र न्हाय."

मी म्हटलं, त्यांच्याच नावानं आलंय.

"आलं आसंल. पर माझे गुडघे कुठायत ह्यात? आगं, माझ्या लग्नात वाटं लावताना रडत रडत सुदिक त्यानं इचारलं हुतं, चप्पल चावती का म्हून. तो आसा न इचारता राहतोय व्हय? ह्येच्या आधीचं बघ. मधलं पान हारवलंय कुठंतरी."

मामा, मी मागची पत्रं काढून बघितली. शनिवारपासून माकणीहून मला जे आलंय ते सगळं एका ओळीचं. मी तशीच ऑफिसात आले आणि द्वारकाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कागद बुधवारीच गेले की ताई, काकांनी लांबलचक पत्रबी लिहिलं तुमाला." इथं ना कागद आहेत, ना पत्र. मग ईट केंद्राच्या हरणाबाईंना विचारलं. त्यांनीही पाठवलेत. तामलवाडीनंही. यादीत या तिन्ही केंद्रांचं एकही लेकरू नाही. डॉक्टर उद्या सकाळी बसणार आहेत.

चूक कुठं झाली ते सांगते. माकणीची जुनी वेस आठवा. कडब्याची गाडी उंच भरली की कमानीला अडायची, म्हणून बापूआजोबा वेशीबाहेर थांबून आधीच सांगायचे, एवढीच भरा. तुमच्यासारख्या तीन केंद्रांची मेल अशाच एका अरुंद वाटेनं येते, बाहेरच्या इंटरनेटवरून नाही. आमचा सर्व्हर दरवेळी बोलणं सुरू होतानाच तुमच्या यंत्राला सांगायचा, एवढेच गठ्ठे बांध. मी शनिवारी मोठे गठ्ठे चालू केले आणि त्याबरोबर ती सूचना पुसली गेली. आता तुमचं यंत्र गाडी उंच भरतंय, गाडी कमानीत अडतेय, पडतेय. गाडी अडली असं ओरडून सांगणारा निरोप असतो, पण तो आपल्या फायरवॉलनं, म्हणजे सर्व्हरपुढच्या पहारेकऱ्यानं, सुरक्षेच्या नावाखाली वाटेतच बंद केलेला. एका ओळीचं पत्र म्हणजे डोक्यावरची पेंढी, ती कमानीखालून निघून येते. माझी पत्रं तुम्हाला येत राहिली, कारण आमच्या बाजूला ती कमान दाराशीच आहे, अडलं की लगेच कळतं. आणि मी तपासून बघितलं ते घरच्या मेलवरून, म्हणजे हमरस्त्यानं. वेशीतून मी काही पाठवलंच नाही.

आलेखात भार उतरलेला दिसत होता. उतरणारच. तीन केंद्रांचा माल येतच नव्हता.

सगळ्यात वाईट हे की अडकलेली मेल तुमच्या केंद्राचं यंत्र पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून बघतं आणि मग टाकून देतं. ते इंग्रजीत कळवतंही. तुम्हाला तसं काही आलं होतं का? बुधवारचे कागद आज दुपारनंतर टाकले जातील. नव्यानं पाठवले तर त्यावर आजची तारीख पडेल आणि मुदत पंधराची होती. तीच बुधवारची मेल यायला हवी.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "शिबिर होईपर्यंत सर्व्हरला हात लावायचा नाही. एवढं छान चाललंय." मी म्हटलं, छान चाललेलं नाही साहेब. ते म्हणाले, "तुमच्या मामांचे कागद आले नाहीत म्हणून चाललेलं नाही का?"

खोलीत दीपमाला होती. ती खाली बघायला लागली.

मी सेटिंग मागं घेतेय. तुम्ही फक्त यंत्र चालू ठेवा.

पौर्णिमा

•

माकणी
१७ फेब्रुवारी

इंग्रजी आलं होतं, पुसलं. यंत्रापुढं बसलोय. उठत नाही. तू कर.
मामा

•

माकणी
१७ फेब्रुवारी, दुपार

पौर्णिमा, वीज गेली.
आली. यंत्र चालू केलं.
मामा

•

धाराशिव
१८ फेब्रुवारी

ती. मामा, मामी,

काल तुमचं "वीज गेली" आलं तेव्हा मी नुकतं सर्व्हरचं नेटवर्क बंद करून चालू केलं होतं, आणि साहेब माझ्या खुर्चीमागं उभे होते. गठ्ठ्यांचं माप जुन्यासारखं केलं. बराच वेळ काहीच आलं नाही. साहेब म्हणाले, "झालं समाधान?" तुमच्याकडचं यंत्र पुन्हा कधी खेटा घालेल ते माझ्या हातात नव्हतं, आणि त्याच्या आत पाच दिवस भरले तर संपलंच.

पहिलं ईटचं आलं. मग तामलवाडीची एकामागं एक. मग पुन्हा सामसूम. दीपमाला माझ्या शेजारी येऊन बसली, म्हणाली, "माकणीचं येऊ दे, मग मी चहा पिते." तिनं चहा पुढ्यातच गार केला.

आणि मग तुमचं आलं मामा. आधी ते लांब पत्र, मग चैतालीचे कागद, चित्रांसकट. तारीख १२ फेब्रुवारी. मागोमाग शनिवारचंही.

मी आधी दोन्ही पत्रं वाचली. वाचायला नको होतं, कारण मग मला पडदा दिसेना. "ती शिफारस नसते पोरी." मी त्याला शिफारस समजले. तुमच्या एका ओळीला मी राग समजले, आणि माझ्या उत्तराला तुम्ही माज समजलात, आणि दोघांच्या मध्ये ती कमान.

आज सकाळी निवडीच्या खोलीत गेले. डागाचं भय बाळगून ज्या खोलीत पाय ठेवणार नाही म्हणाले होते, तिथंच. डॉक्टर बाई म्हणाल्या, "हे कागद काल आलेत, मुदतीनंतर." मी म्हटलं, पाठवले मुदतीत आहेत, वाट मी अडवली होती. तिन्ही केंद्रांची. आणि त्यात एक माझ्या मामेभावाची मुलगी आहे, हेही मीच सांगते, म्हणजे नंतर कुणी सांगायला नको. बाईंनी कागद पुढं ओढले. मग म्हणाल्या, "चित्रं लावा."

एकेकाची लावली. चैतालीची लावली तेव्हा त्या दुसऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत काहीतरी हळू बोलल्या. मग मला म्हणाल्या, "या मुलीला पुढच्या शिबिरापर्यंत ठेवून चालणार नव्हतं." त्यांनी "चालणार नव्हतं" म्हटलं मामा, चालणार नाही असं नाही. म्हणजे तिला घ्यायचं त्यांचं ठरलं होतं.

गुरुवारी तिला घेऊन सोलापूरला पोचा. तपासून दिवस देतील. राजपालदादाचा फोन लागला, तो परत फिरलाय.

सर्व्हरची जबाबदारी साहेबांनी दीपमालाकडं दिली. ते ठीकच आहे. तिनं पहिलं काम मला विचारून केलं, आणि फायरवॉलमधला तो अडवलेला निरोप मोकळा केला.

तुमची,
पौर्णिमा

•

माकणी
१६ एप्रिल

चि. पौर्णिमास, मामाचा जय भीम आणि सगळ्या घरादाराला आशीर्वाद.

कस्तुराचे गुडघे? खुर्ची आणली असं प्रेमानंदराव लिहितात, ती बसते का नुसती पुसते? रावांचं पित्त? त्यांच्यावर माझा आता विश्वास नाही, मांजरीलाच विचारावं लागेल. पिल्लं मोठी झाली असतील, एक आमच्याकडं धाड, इथं उंदीर फार. दीपमालाबाईंना माझा आशीर्वाद, चहा गार करून पिऊ नका म्हणावं. तुझी मान? आणि तुझ्या त्या सर्व्हरची तब्येत कशी आहे? दर सोमवारी आमच्या केंद्रातून एक लांब पत्र पाठवा, म्हणजे वाट मोकळी आहे का ते कळेल, असं दीपमालाबाईंनी कळवलं. आता मी सरकारी कामासारखा लांब लिहितो. मामी म्हणते, "आता तर ह्येला कारणच गावलं."

सोलापूरचं तुला ठाऊक आहेच. ते चार-पाच तास मी कसे काढले ते लिहीत नाही. एक सांगतो. डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. त्या बोलत होत्या आणि मी राजपालच्या तोंडाकडं बघत होतो. तो मटकन खाली बसला. मला वाटलं, गेलं सगळं. मग बघतो तर तो हसतोय. पोरी, पुन्हा कधी माझ्यापुढं कुणी असं बसू नये.

परवा जयंतीला चैतालीला निळा फ्रॉक घातला. घरापासून विहारापर्यंत राजपाल तिला खांद्यावर नेणार होता. ती म्हणाली, चालते. सून म्हणाली, नको. मी म्हटलं, चालू दे, मी आहे बरोबर. निघालो. नळाजवळ मी तिच्याकडं बघितलं, आता बसेल. नाही बसली. सोमलिंगच्या गिरणीपाशी थांबली, तर तिला भाजीची गाडी बघायची होती. पुढं तो चढ आहे ना, तिथं मलाच धाप लागली आणि लिंबाखालच्या दगडावर मीच बसलो.

ती उभी. कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. ओठ लालबुंद. काहीतरी म्हणाली. तोंडाकडं बघून मला कळलं : "ऊठ की आज्जा."

उत्तर लवकर लिही, आणि बाई, लांब लिही.

तुझा,
पिराजीमामा